जुना लॅपटॉप आणि नवा सर्व्हर: प्रोसेसरची तुलना कोणत्या क्रमानं करायची

"भाऊ, आपल्या लॅपटॉपले दोन कोअर, अन् त्या सर्व्हरले बत्तीस. म्हणजे सोळापट झालं ना काम?"

यवतमाळ-वर्धा पट्ट्यातल्या गावांत मी कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी फिरतो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक काम करणारा हात.) कधी वाचनालयाचे ग्रंथपाल विचारतात, कधी शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसमधला मुलगा, कधी शाळेतले सर. त्यावर दुसरा कुणीतरी सांगतो की सर्व्हरचा एक-एक कोअरही दुप्पट पळतो, म्हणजे बत्तीसपट. मग पैसे भरले जातात, सर्व्हर भाड्यानं घेतला जातो किंवा नागपूरहून जुना सर्व्हर गाडीत टाकून आणला जातो, आणि काम फार तर दुप्पट लवकर होतं. सर्व्हर वाईट नसतो. मोजणीचा क्रम चुकलेला असतो.

म्हणून हा क्रम सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरण शेवटपर्यंत एकच घेऊ, म्हणजे आकडे हातातून सुटणार नाहीत. गावच्या वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांची ४०,००० पानं स्कॅन झाली आहेत आणि टेसेरॅक्ट या मोफत प्रोग्रॅमनं त्या चित्रांतून मराठी मजकूर काढायचा आहे. लॅपटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय५-३३२०एम आहे, २०१२ सालचा. सर्व्हरमध्ये एएमडीचा एपिक ९६५४ आहे, २०२२ सालचा, आणि त्यातले ३२ कोअर आपल्याला भाड्यानं मिळणार आहेत.

टप्पा १: आधी काम लिहा, यंत्र नंतर

कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा. एकूण किती नग आहेत (पानं, फोटो, नोंदी, जे असेल ते). एका नगाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे का. आणि सगळे नग झाल्यावर एकत्र करण्याचं काही काम उरतं का.

कापूस वेचणीसारखा विचार करा. वीस बाया लावल्या तर वावर वीसपट लवकर वेचून होतं, कारण प्रत्येकीची ओळ वेगळी. पण वेचलेला कापूस जिनिंगला नेणारी गाडी एकच असेल, तर बाया चाळीस केल्या म्हणून गाडी लवकर पोचत नाही. पानातून मजकूर काढणं ही वेचणी आहे. सगळा मजकूर जोडून पुस्तकाची एक फाइल करणं ही गाडी. कोणत्या कामात किती वेचणी आणि किती गाडी आहे हे कळल्याशिवाय कोअर मोजण्यात अर्थ नाही.

आपल्या कामात चाळीस हजार पानं एकमेकांपासून सुटी आहेत आणि शेवटी जोडणी आहे. एवढं लिहून झालं की पुढे चला.

टप्पा २: दोन्ही प्रोसेसरची खरी ओळख करून घ्या

लॅपटॉपच्या स्टिकरवर फक्त "आय५" लिहिलेलं असतं, आणि त्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण क्रमांक हवा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर तो दिसतो. लिनक्समध्ये टर्मिनलवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा.

आपल्या दोन प्रोसेसरचं कागदावरचं चित्र असं आहे. (थ्रेड म्हणजे एका कोअरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक रांग, टर्बो म्हणजे थोडा वेळ वाढवलेला वेग, आणि कॅशे म्हणजे कोअरच्या हाताशी असलेली छोटी, जलद मेमरी.) लॅपटॉपचा: २ कोअर, ४ थ्रेड, मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोत जास्तीत जास्त ३.३, एल३ कॅशे ३ एमबी, उष्णतेची मर्यादा ३५ वॉट, मेमरीचा कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबी. सर्व्हरचा: ९६ कोअर, १९२ थ्रेड, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, कमाल ३.७, एल३ कॅशे ३८४ एमबी, ३६० वॉट, मेमरीचा कमाल वेग सेकंदाला ४६०.८ जीबी.

हे आकडे वाचताना लोक चार ठिकाणी घसरतात.

पहिलं म्हणजे गिगाहर्ट्झ. मूळ वेग पाहिला तर जुना लॅपटॉपच वरचढ दिसतो, २.६ विरुद्ध २.४. कमाल वेग पाहिला तर सर्व्हर जेमतेम बारा टक्क्यांनी पुढे. प्रत्यक्षात सर्व्हरचा एक कोअर लॅपटॉपच्या एका कोअरपेक्षा बहुतेक कामांत दुपटीच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त पळतो. कारण गिगाहर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती ठोके पडतात ते. एका ठोक्यात किती काम उरकतं हे त्यात येत नाही. दहा वर्षांत ठोके फार वाढले नाहीत, ठोक्यामागचं काम वाढलं. म्हणून वेगवेगळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये गिगाहर्ट्झची तुलना करूच नका.

दुसरं म्हणजे कॅशे. ३८४ एमबी हा आकडा मोठा वाटतो, पण तो एका जागी नाही. हा प्रोसेसर आत बारा तुकड्यांचा आहे. प्रत्येक तुकड्यात ८ कोअर आणि त्यांच्यापुरती ३२ एमबी कॅशे. एका कोअरला पटकन हाताशी येते ती आपल्या तुकड्यातली ३२ एमबीच. लॅपटॉपच्या ३ एमबीपुढे तीही भरपूर आहे, पण १२८ पट नाही.

तिसरं मेमरीचं. ४६०.८ हा आकडा बाराही चॅनेलमध्ये रॅम बसवली असेल तरच खरा. लॅपटॉपचंही तसंच: दोन खाचांपैकी एकीतच रॅम असेल तर २५.६ ची थेट १२.८ होते. आपल्याकडच्या दान आलेल्या लॅपटॉपमध्ये दहातल्या निम्म्यांत तरी मला एकच पट्टी सापडते. झाकण उघडून पाहा. आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही: एकदम खूप माहिती वाहून न्यायला सर्व्हरची मेमरी फार सरस, पण एखादी छोटीशी गोष्ट मागितली की ती हातात यायला तिथे लॅपटॉपपेक्षा जास्त वेळ लागू शकतो.

चौथं म्हणजे भाड्याचा कोअर. जाहिरातीत "३२ व्हीसीपीयू" लिहिलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ३२ थ्रेड, म्हणजे १६ खरे कोअर. पैसे भरण्याआधी हे विचारून घ्या.

*तपासा:* भाड्याच्या सर्व्हरवर 'एलएससीपीयू' चालवा. 'थ्रेड्स पर कोअर' या ओळीपुढे २ असेल, तर दिसणाऱ्या सीपीयूंची संख्या निम्मी करून खरे कोअर धरा. मात्र भाड्याच्या यंत्रावर ही ओळ कधीकधी १ दाखवते आणि आतून मात्र थ्रेडच दिलेला असतो, म्हणून सेवेची माहितीही वाचा.

टप्पा ३: लॅपटॉप मोजणीलायक करा

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थांबून लिहितो. आजारी लॅपटॉपची तुलना ताज्या सर्व्हरशी केली तर जो फरक दिसतो तो प्रोसेसरचा नसतो, कचऱ्याचा असतो.

आपल्या भागात लॅपटॉपच्या पंख्यात नुसती धूळ नसते. दिवाळीपासून होळीपर्यंत घराघरांत कापूस साठवलेला असतो, आणि त्याची बारीक तूस पंख्याच्या आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये नमद्यासारखी बसते. वरून फुंकर मारून ती निघत नाही. पंखा खोलून काढावा लागतो, तेव्हा जाळीवर राखाडी गादी दिसते. ती चिमट्यानं उचला, मग मऊ ब्रश फिरवा. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट दहा वर्षांत वाळून खडूसारखी झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावा, तांदळाच्या दाण्याएवढी.

*सावधान:* खोलण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा. ब्लोअरनं हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सुटलं की ते वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग जातं.

मग उन्हाळा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि टिनाच्या खोलीत त्याहून वाईट हाल असतात. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात. आय५-३३२०एम आतून १०५ अंशांपर्यंत तग धरतो, पण त्या हद्दीजवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. तुम्हाला काही संदेश दिसत नाही, काम फक्त रेंगाळतं. मी स्वतः एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता मोजणी केली, लॅपटॉप निकामी ठरवला, आणि तोच लॅपटॉप पहाटे पाच वाजता गच्चीलगतच्या खोलीत लावला तेव्हा ठीक चालला. त्या चुकीच्या मोजणीवरून वाचनालयाचा खर्च ठरला असता, म्हणून तो दिवस विसरलो नाही. मोजणी पहाटे करा किंवा कूलरजवळ करा. पण कूलरच्या थेट ओल्या झोतात लॅपटॉप ठेवू नका.

वीज. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग आवरता घेतात, म्हणून मोजणीत चार्जर लावलेला हवा आणि पॉवरची निवड 'परफॉर्मन्स'वर हवी. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की दाब पडतो. चार्जर मध्येच चालू-बंद होत असेल तर त्या वेळची मोजणी टाकून द्या. भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच बसा.

शेवटी, मागे चालणारे प्रोग्रॅम. अपडेट, अँटीव्हायरस, उघडे ब्राउझर, सगळं बंद करा. चालू करून दहा मिनिटं तसाच राहू द्या, म्हणजे सुरुवातीची धावपळ थांबते.

*तपासा:* लिनक्सवर 'सेन्सर्स' ही आज्ञा तापमान दाखवते. काम न करता बसलेला लॅपटॉप ६० अंशांच्या वर असेल, तर सफाई नीट झालेली नाही. पुढे जाऊ नका.

टप्पा ४: दोन्हीकडे सामान एकसारखं लावा

लॅपटॉपवर टेसेरॅक्टची जुनी आवृत्ती आणि सर्व्हरवर नवी असेल तर तुलना तिथेच संपली. आवृत्ती एक हवी. भाषेची फाइलही एक हवी, कारण मराठीची फाइल 'बेस्ट' आणि 'फास्ट' अशा वेगवेगळ्या प्रकारांत मिळते आणि त्यांच्या वेगात मोठा फरक आहे. एकीकडे बेस्ट आणि दुसरीकडे फास्ट लावून "सर्व्हर कितीतरी पट निघाला" म्हणणारे मी पाहिले आहेत.

एक फरक मात्र मुद्दाम तसाच ठेवायचा. नव्या प्रोसेसरना काही जास्तीच्या आज्ञा कळतात. आय५-३३२०एमला एव्हीएक्स कळतं, एव्हीएक्स२ कळत नाही. एपिक ९६५४ ला दोन्ही कळतात, शिवाय एव्हीएक्स-५१२ देखील. टेसेरॅक्ट या आज्ञा असतील तर आपोआप वापरतो. हा नव्या प्रोसेसरचा खरा गुण आहे, तो बंद करू नका.

नमुन्यासाठी पानं निवडताना स्वच्छ छापलेली पहिली चारशे उचलू नका. जुनाट, पिवळी, दाट मजकुराची, चित्रांची, रिकामी, सगळ्या प्रकारची मिळून ४०० पानं घ्या. दोन्ही यंत्रांवर तीच ४००, त्याच नावांनी.

टप्पा ५: एका कोअरची मोजणी

घाई करून सगळे कोअर एकदम चालवू नका. आधी एक. एका कोअरचा वेग माहीत नसेल तर पुढे बत्तीस कोअरचा आकडा आला की तो चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही.

टेसेरॅक्ट एका पानासाठीही आपण होऊन चार थ्रेड वापरू पाहतो. त्याला अडवायला 'ओएमपी थ्रेड लिमिट' नावाची सेटिंग आहे, तिची किंमत १ ठेवा. मग नमुन्यातली ५० पानं एकामागून एक चालवा आणि 'टाइम' आज्ञेनं लागलेला वेळ घ्या. असं तीनदा करा आणि मधला आकडा धरा. सरासरी काढू नका. एखाद्या वेळी काही अडलं तर सरासरी बिघडते, मधला आकडा टिकतो.

पहिली फेरी बहुधा हळू येते, कारण फाइली डिस्कवरून प्रथमच वाचल्या जातात. म्हणून तीन फेऱ्यांआधी एक फेरी अशीच चालवून सोडून द्या.

*तपासा:* चालू असताना 'टॉप' ही आज्ञा उघडा, कोणता कोअर किती भरला आहे ते ती दाखवते. एक कोअर १०० टक्क्यांच्या जवळ दिसायला हवा. ४०-५० वर घुटमळत असेल आणि 'डब्ल्यूए'चा (डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा वर असेल, तर तुम्ही प्रोसेसर मोजत नाही, जुनी हार्डडिस्क मोजत आहात. पानं एसएसडीवर हलवा आणि पुन्हा करा. भाड्याच्या सर्व्हरवर 'एसटी'चा आकडा पाहा: तो शून्याच्या वर सतत राहत असेल तर तुमच्या वाट्याचा वेळ दुसरा भाडेकरू खातो आहे.

तयार बेंचमार्कबद्दल इथेच सांगतो. 'सिसबेंच'ची सीपीयू चाचणी खूप जण चालवतात. ती मूळ संख्या शोधते, आणि त्यात मोठ्या संख्यांचे भागाकार फार. इंटेलच्या जुन्या प्रोसेसरमध्ये हाच ६४-बिट भागाकार अतिशय हळू होता, त्यामुळे ही चाचणी जुन्या लॅपटॉपला आहे त्याहून कितीतरी गरीब दाखवते. 'ओपनएसएसएल'ची चाचणी एन्क्रिप्शन मोजते, तिथेही नव्या प्रोसेसरला खास आज्ञांचा फायदा मिळतो. या चाचण्या खोट्या नाहीत, पण त्या भागाकाराच्या आणि एन्क्रिप्शनच्या चाचण्या आहेत. तुमचं काम मजकूर काढण्याचं आहे, तर मजकूर काढूनच मोजा. दुसरा आधार हवाच असेल तर 'सेव्हन-झिप'मधली चाचणी त्यातल्या त्यात बरी.

टप्पा ६: सगळ्या कोअरची मोजणी

आता ओएमपी थ्रेड लिमिट १ च ठेवून एकाच वेळी अनेक पानं चालवा. लॅपटॉपवर आधी २, मग ४. सर्व्हरवर ८, १६, ३२. प्रत्येक आकड्याला वेगळी मोजणी. ही सेटिंग विसरलात तर ३२ प्रोग्रॅम प्रत्येकी चार थ्रेड मागतात, सगळे एकमेकांच्या पायात येतात आणि सर्व्हर लॅपटॉपसारखा वागू लागतो. टेसेरॅक्टवाल्यांची ही सर्वांत महागडी चूक आहे.

मोजणी किमान अर्धा तास चालली पाहिजे. पहिली दोन-चार मिनिटं लॅपटॉप टर्बोत जोरात पळतो, मग तापतो आणि स्थिर होतो. तुमचं खरं काम कित्येक तासांचं आहे, तर स्थिर झाल्यानंतरचाच वेग कामाचा. सर्व्हरवर ४०० पानं काही मिनिटांत संपतील, म्हणून तिथे तोच गठ्ठा पुन्हा पुन्हा द्या.

थ्रेड म्हणजे कोअर नव्हे, हे इथे डोळ्यांनी दिसतं. लॅपटॉपवर २ वरून ४ वर गेलात की काम दुप्पट होत नाही. बऱ्याच कामांत पाव हिस्सा भर पडते. म्हणून आपल्या उदाहरणात, समजा, पूर्ण लॅपटॉप त्याच्या एकट्या कोअरच्या २.४ पट काम देतो. सर्व्हरचा प्रत्येक कोअर लॅपटॉपच्या कोअरच्या दुप्पट धरला तर ३२ कोअर म्हणजे ६४ पट.

*तपासा:* एकाच वेळी चार पानं चालवताना लॅपटॉपची रॅम भरत तर नाही ना? 'स्वॅप' (रॅम भरल्यावर डिस्कवर घेतलेली उसनी जागा) वापरला जाऊ लागला की मोजणी रद्द.

टप्पा ७: पूर्ण वेळेचा हिशेब, घरापासून घरापर्यंत

आता कागद पुन्हा घ्या. खालचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही तुमचे मोजलेले घाला.

समजा, लॅपटॉपच्या एका कोअरवर पूर्ण काम १०० तासांचं आहे. त्यातले ९६ तास पानांचे, म्हणजे वेचणीचे. ४ तास जोडणीचे, म्हणजे गाडीचे.

लॅपटॉपवर: ९६ भागिले २.४ म्हणजे ४० तास, अधिक जोडणी ४. एकूण ४४.

सर्व्हरवर: ९६ भागिले ६४ म्हणजे दीड तास. जोडणी एकाच कोअरवर, पण तो दुप्पट वेगाचा, म्हणून २ तास. एकूण साडेतीन.

बत्तीसपट म्हणत होतो, ते साडेबारापटीवर आलं. आणि ३२ ऐवजी पूर्ण ९६ कोअर घेतले तर? पानं अर्ध्या तासात होतील, जोडणीचे २ तास तसेच, एकूण अडीच. तिप्पट यंत्र घेऊन एक तास वाचला. याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात: जो भाग वाटून देता येत नाही, तो शेवटी सगळ्यांना अडवून धरतो.

इथे कोअर वाढवण्याऐवजी काम वाटण्याची पद्धत बदला. चाळीस हजार पानं म्हणजे शे-दीडशे पुस्तकं असतील. सगळी जोडणी शेवटी एकत्र करण्याऐवजी प्रत्येक पुस्तक वेगळं काम म्हणून द्या. एक पुस्तक संपलं की त्याची जोडणी लगेच, त्याच वेळी बाकीच्यांची पानं चालू. गाड्याही मग अनेक झाल्या. साडेतीन तासांचे दोनच्या आत येतील, एक रुपया जास्त न देता.

आता आपल्या गावाचा भाग. पानं सर्व्हरपर्यंत पोचवायची आहेत. एक पान १ एमबी धरलं तर ४० जीबी. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट मिळाला तर ४० जीबी म्हणजे ३,२०,००० मेगाबिट (एका बाइटचे आठ बिट), भागिले ५, म्हणजे ६४,००० सेकंद. जवळपास १८ तास, तेही लाइन एकदाही न तुटता. साडेतीन तासांत हे मिळवले की साडेएकवीस तास. लॅपटॉपचे ४४. म्हणजे दुप्पट, इतकंच.

लोक गिगाहर्ट्झवरून भांडतात आणि अपलोडचा वेग मोजत नाहीत. डाउनलोडचा आकडा पाहून समाधान मानू नका, अपलोड वेगळा आणि बहुधा बराच कमी असतो. सकाळी, दुपारी आणि रात्री अकरानंतर, तीनदा मोजा.

मार्ग आहेत. हार्डडिस्क पिशवीत घालून एसटीनं जिल्ह्याला किंवा नागपूरला जिथे चांगली फायबर लाइन आहे तिथे न्या. ५० एमबीपीएस अपलोड मिळाला तर तेच ४० जीबी पावणेदोन तासांत चढतं. किंवा पानं आधी लॅपटॉपवरच काळी-पांढरी करा, आकार कितीतरी पटींनी घटतो.

*सावधान:* काळं-पांढरं करताना जुन्या पिवळ्या पानांवरचे अनुस्वार आणि रफार उडतात, आणि "कांदा"चा "कादा" होतो. पंचवीस पानं करून डोळ्यांनी तपासल्याशिवाय सगळ्या गठ्ठ्यावर लावू नका. मूळ स्कॅन कधीही पुसू नका.

*सावधान:* कागदपत्रांत कुणाचे आधार क्रमांक, सातबारे, बँक खाती असतील तर ती भाड्याच्या सर्व्हरवर पाठवू नका. ते काम लॅपटॉपवरच होऊ द्या, कितीही दिवस लागले तरी.

टप्पा ८: वीज आणि पैसा

लॅपटॉप भरात ४५ वॉट ओढतो असं धरलं तर ४४ तासांत दोन युनिट. खर्च नगण्य, फक्त दोन दिवस लक्ष ठेवावं लागतं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, लाइट गेली तरी काम तुटत नाही, हा गुण आपल्याकडे फार मोठा आहे.

भाड्याच्या सर्व्हरचं बिल तासावर असतं. भाव गुणिले साडेतीन करून थांबू नका: सर्व्हर लावणं, प्रोग्रॅम बसवणं, चुकून पुन्हा करणं, हे सगळे तास धरा. पहिल्या वेळी मोजलेल्या वेळेच्या तिप्पट धरून चालतो मी. आणखी एक प्रकार जपा: स्वस्तातल्या काही सर्व्हरवर पूर्ण वेग थोडाच वेळ मिळतो, मग वाटा आखडतो किंवा जास्तीचं बिल लागतं. सलग जड कामाला ते घेऊ नका.

सेकंडहँड सर्व्हर विकत घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गावात नको. सर्व्हरला थंड हवा १८ ते २७ अंशांची लागते, म्हणजे एसी आला. ३०० वॉट सतत ओढला तर दिवसाला ७.२ युनिट, महिन्याला २१६, एसी वेगळा. घरातला १५० एएचचा इन्व्हर्टर त्याला चार-साडेचार तासांपुढे नेत नाही. आवाज असा की शेजारी वाचक बसू शकत नाही. त्या पैशात आहे त्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅमची दुसरी पट्टी घाला, आणि वर्षातून एकदा जड काम आलं तर तासावर भाड्यानं घ्या.

टप्पा ९: भाड्यानं घ्यायचं ठरलं तर

हाच क्रम ठेवा, उलटा केला की मीटर फुकट पळतं.

१. आधी सर्वांत लहान, स्वस्त सर्व्हर घ्या आणि एका वेगळ्या डिस्कवर पानं चढवा. अठरा तास लागले तरी बिल छोटं राहतं. तुटलं तर पुढून सुरू करणारं 'आरसिंक' वापरा.

२. त्याच लहान सर्व्हरवर टेसेरॅक्ट बसवा, दहा पानं चालवून पाहा, मजकूर वाचा.

३. चढलेल्या फाइली मोजा. ४०,००० हव्यात. ३९,९९८ असतील तर ती दोन पानं आत्ता शोधा.

४. आता डिस्क मोठ्या सर्व्हरला जोडा आणि काम सुरू करा. पहिल्या दहा मिनिटांत 'टॉप' उघडून सगळे कोअर भरले आहेत का पाहा. अर्धे रिकामे असतील तर थांबवा, टप्पा ६ वाचा.

५. काम संपताच मोठा सर्व्हर पूर्ण काढून टाका. नुसता बंद केला तर त्याच्या स्वतःच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं.

६. मजकुराच्या फाइली लहान असतात, गावच्या लाइनवरही लवकर उतरतात. उतरल्यावर पुन्हा मोजा, प्रत्येक पुस्तकातली दोन पानं उघडून वाचा, एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि मगच ती डिस्क आणि लहान सर्व्हर पुसा. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात जाऊन काही चालू राहिलंय का ते एकदा पाहा.